त्वांड दिसू दे

गिरणीत मागांच्या खडखडाटाशेजारी रीळ भरता भरता रंभाबाईचे कान गेले. समोरच्याचे ओठ बघितल्याशिवाय तिला बोलणं कळत नसे. दोघी एकदम बोलू लागल्या की ती दोघींनाही गप्प करी. चाळीत या खोडीची थट्टा व्हायची. पण कुणाचं बिनसलं की पावलं तिच्याच दाराकडे वळायची. मधेच तोंड न घालता ऐकून घ्यायला, कान शाबूत असलेल्यांना कुठली सवड!

चौतीस सालचा संप मोडला आणि बायकांनी नळावर गोजाबाईची घागर लाथाडली. ऐन संपात एका सकाळी ती कामावर गेली होती. त्याच सकाळी गिरणीच्या फाटकावर लाठी चालली आणि रंभाबाईच्या नवऱ्याचा, धोंडीरामचा, उजवा हात कायमचा अधू झाला.

"हिचं पाणी बंद!" बजाबाई गरजली. "रंभे, तूच सांग. तुजं तर घर बसलं की!"

सगळ्या एकदम कालवा करू लागल्या. रंभाबाईच्या काळजात आग होती. आज ऐकूच नये, असं तिला मनापासून वाटलं. नुसती मान फिरवली तरी भागत होतं. पण तिनं हात वर केला.

"एकेकीनं बोला. आदी गोजा. हिकडं त्वांड कर."

गोजाबाईच्या कडेवर तान्हं होतं. "अंगावरचं दूद आटलं हुतं," ती म्हणाली. "ह्ये रडत हुतं तवर धीर धरला. रडायचं थांबलं, तवा उठले आन् गेले."

नळ नुसताच वाहत होता. बजाबाई पदराआड काहीतरी पुटपुटली.

"आक्का, पदर काढ. दिसंना मला."

बजाबाईनं पदर काढला. "म्या गेले न्हाय. पर भोंगा झाला की रोज उंबऱ्यापतुर जायची."

रंभाबाई गोजाबाईकडे वळली.

"आता माजं ऐक. ह्यास्नी घास मी भरवती. त्येंना लाज वाटती, त्वांड फिरवून बोलत्यात. मला काय बी कळत न्हाय."

गोजाबाईचे डोळे वाहत होते, पण तिनं मान खाली घातली नाही. शेवटपर्यंत ऐकलं.

पोचा पडलेली घागर रंभाबाईनं उचलून नळाखाली धरली.

"माफी द्याया जमंना मला, गोजा," ती म्हणाली. "पर लेकराला पाणी लागतंय. भर."