रफूगार मामा दुकान वाढवतोय

माझा मामा रफूगार आहे. तो नेमकं काय करतो हे लोकांना सांगताना माझी नेहमी पंचाईत होते, कारण त्याचं काम चांगलं झालं की दिसत नाही, आणि दिसलं तर समजायचं की ते चांगलं झालेलं नाही. कोटाला ठिणगीने भोक पडतं, शाल खिळ्याला अडकते, स्वेटर कसर खाते. मग मामा त्याच कपड्याच्या आतल्या शिलाईतून, शिंप्याने जी चार बोटं माया ठेवलेली असते तिच्यातून, एकेक धागा उपसून काढतो आणि भोकाच्या जागी उभा-आडवा विणत बसतो. एका भोकाला कधी दोन तास, कधी आख्खी दुपार. दुकान म्हणाल तर हात पसरले की दोन्ही भिंतींना टेकतील एवढं. एक टेबल, एक वाकडा दिवा, एक भिंग आणि गिऱ्हाइकासाठी एक खुर्ची, तिचाही एक पाय डुगडुगतो.

माझा धंदा बरोब्बर उलटा. मी लहान दुकानदारांना फोनवरून जाहिरात करायला शिकवते. नकाशावर दुकान कसं टाकायचं, फोटो कसा काढायचा, गिऱ्हाइकाला मेसेज कधी पाठवायचा आणि कधी गप्प बसायचं. बेकरीवाला, चष्मेवाली, मामाच्या शेजारचा चावीवाला, सगळी माझी मंडळी. आणि सख्ख्या मामाकडे मात्र आठवड्याला दोन गिऱ्हाइकं. मी गावभर शहाणपण वाटत फिरते नि घरात ही तऱ्हा. लाज वाटायची मला, खोटं कशाला बोलू?

मामा घरी बसला तर काय होईल हेही मला ठाऊक होतं. मागे पाय मोडून तो सहा आठवडे घरात होता, तेव्हा त्याने मामीचे धडधाकट पडदे उसवून पुन्हा शिवले होते. त्यानंतर मामी मला बाजूला घेऊन म्हणाली, "ते दुकान आहे म्हणून हा माणूस उभा आहे. ते गेलं की आठ दिवसांत म्हातारा होईल बघ."

तेव्हा मी पदर खोचला आणि दुपारी दुपारी मामाच्या त्या डुगडुगत्या खुर्चीवर जाऊन बसायला लागले. आधी नकाशा. नाव भरलं, पत्ता भरला, फोन नंबर भरला.

"वेळ सांग. किती ते किती?"

"वेळेचं राहू दे," मामा सुईतून मान वर न काढता म्हणाला.

"का पण?"

"राहू दे म्हटलं ना, वकीलबाई."

मी फार प्रश्न विचारते म्हणून हे नाव. ती जागा रिकामीच राहिली, पण माझ्या डोक्यातून गेली नाही. साधी दुकानाची वेळ सांगायला माणसाला काय जड जावं?

पुढे फोटो. आधीचा आणि नंतरचा फोटो शेजारी शेजारी टाकायचा, हा माझा हुकमी एक्का. बेकरीवाल्याचा कळकट ओटा आणि मग चकचकीत ओटा, लोकांनी उचलून धरला होता. इथे मी एका पँटचं भोक टिपलं, मामाने रफू केल्यावर पुन्हा टिपलं आणि बघते तो काय, नुसत्या पँटचा फोटो. कोण बघणार पँट? म्हणून मी जिथे रफू केलं होतं तिथे लाल गोल काढला.

मामा भडकला. "लोक पैसे देतात ते कोणाला कळू नये म्हणून. आणि तू त्याला कुंपण घालतेस?"

तो बरोबर बोलत होता, त्याचाच मला जास्त राग आला. न दिसणारं काम दाखवायचं कसं, हा किडा डोक्यात शिरला तो शिरलाच. तोवर आपलं तेच पालुपद चालू ठेवलं, मामा धंदा वाढव, मामा धंदा वाढव. आठ दिवस डोकं खाल्लं त्याचं. आणि नवव्या दिवशी त्याने सुई खाली ठेवली.

"ठरवलंय," तो म्हणाला. "या महिन्याअखेरीस दुकान वाढवणार."

"नक्की?"

"नक्की. तुझ्या मामीलाही सांगितलं."

मी हरखून गेले. त्या दिवशी मामी जेवताना गप्प गप्प होती. मी म्हटलं, वाढत्या कामाची धास्ती घेतली असेल. आता मागे वळून बघते तर स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटते.

दुसऱ्याच संध्याकाळी मी मामाचा फोटो काढला. उतरतं ऊन दुकानात तिरकं येत होतं, शटर अर्धं खाली ओढलेलं आणि त्याखाली मामा हातात कुलूप घेऊन उभा. खाली मजकूर थोडकाच लिहिला, कारण लांबण लावली की लोक वाचत नाहीत असं मी सगळ्यांना शिकवते: "एक्केचाळीस वर्षांनंतर आपले रफूगार मामा या महिन्याअखेरीस दुकान वाढवत आहेत. एकदा नक्की या." चावीवाल्याने तो पुढे पाठवला, बेकरीवाल्याने पाठवला, आणि मग तो कुठे कुठे गेला देव जाणे.

तिसऱ्या दिवशी दुकानासमोर माणसं उभी. मामाचा फोन बटणांचा, त्याला जाहिरातीचा पत्ता नव्हता. मी वही घेऊन दारात उभी राहिले आणि येणाऱ्या प्रत्येकाला विचारू लागले, "तुम्हाला कुठून कळलं?" हा प्रश्न दुकानदार कधी विचारत नाहीत, आणि खरी गंमत त्यातच असते.

पण यावेळी गंमत काही वेगळीच होती. तरुण गिऱ्हाइकं हसत यायची. बँकेत काम करणारी एक मुलगी मामाला म्हणाली, "अभिनंदन काका, नवीन जागा कुठे घेतली?"

"मला आता जागा काय करायची?" मामा म्हणाला. मुलीला वाटलं, किती साधा माणूस.

वयस्कर मंडळी मात्र गाठोडी घेऊन यायची आणि दुखवट्याला आल्यासारखी हळू बोलायची. एका आजोबांनी मामाचा हात हातात घेतला तो सोडेचनात. चावीवाला, ज्याच्या तोंडाची टकळी एरवी थांबत नाही, त्याने चहाचा कप मामापुढे ठेवला आणि अर्धा तास मुकाट बसून राहिला. मी वहीत लिहिलं: पन्नाशीच्या आतले खूश, पुढचे रडवेले. का?

त्याचं उत्तर घेऊन एक निवृत्त शिक्षिका आल्या. हातात कापडी पिशवी, पिशवीत पुरुषी कोट.

"ती जाहिरात तूच लिहिलीस?" त्यांनी मला विचारलं. "शुद्धलेखन चांगलं आहे. पण एवढी वाईट बातमी द्यायची आणि खाली 'नक्की या' लिहायचं, हे कोणी शिकवलं तुला?"

"वाईट? अहो, दुकान वाढवतोय तो."

त्यांनी मला चष्म्यावरून पाहिलं. "बाळा, दुकानदार माणूस 'बंद' हा शब्द तोंडात घेत नाही. दिवा विझवत नाहीत, वाढवतात. तसंच दुकान. रोज रात्री वाढवतात, सकाळी उघडतात. महिनाअखेरीस वाढवणार म्हणजे पुन्हा उघडणार नाही."

माझ्या पायाखालची जमीन सरकली. आमचं घर नोकरदारांचं, दुकानाची भाषा आमच्याकडे कोण बोलणार? मी मामाकडे पाहिलं. त्याने सगळं ऐकलं होतं.

"तुला काय वाटलं होतं?" त्याने विचारलं.

"मोठं करतोयस असं."

"म्हणजे ती बँकेतली मुलगी..."

"ती खरंच अभिनंदन करायला आली होती."

"आणि चावीवाला?"

"तो तुला निरोप द्यायला."

 मला तिथल्या तिथे गडप व्हावंसं वाटत होतं. वेळेची जागा रिकामी का ठेवली तेही आता कळलं. जे दुकान बंद करायचं त्याच्या मनात तेव्हापासूनच होतं, त्याची वेळ काय सांगायची?

शिक्षिकाबाईंनी कोट टेबलावर पसरला. "खिशापाशी नवीन भोक पडलंय, ते करून द्या. कोपरावर एक आहे ते तुम्हीच केलेलं. एकोणीस वर्षं झाली. यांनी गरम इस्त्री तशीच वर ठेवली होती."

"कुठल्या कोपराला?"

"ते तुम्ही सांगा. काम तुमचं."

मामाने दिवा खाली ओढला. डावी बाही भिंगाखाली घेतली, मग उजवी. मग डोळे मिटून बोटांनी चाचपून पाहिलं, पुन्हा डावी. बाहेर तीन माणसं ताटकळत होती, त्याचं त्याला भान नव्हतं. आतून लगेच दिसलं असतं, पण आत अस्तर होतं.

"अस्तर थोडं उसवून बघू?"

"खबरदार," बाई म्हणाल्या.

मामाने भिंग ठेवलं. "सापडत नाही," तो म्हणाला. त्याचा आवाज मला ओळखू आला नाही.

"आम्ही दोघं शोधायचो," बाई म्हणाल्या. "हे गेल्यापासून मी एकटी शोधते, कोट उन्हात टाकला की. मलाही नाही सापडलं अजून." मग दारातल्या माणसांकडे बघत त्या म्हणाल्या, "लोक तुम्हाला विसरले असं वाटलं होय तुम्हाला? आठवण राहील असं काम तरी कुठे करता तुम्ही?"

त्या गेल्या. मी मात्र मघाशीच, मामा आपलंच काम शोधत वाकला होता तेव्हा, त्याचा फोटो काढून ठेवला होता. लाल गोल न काढता.

संध्याकाळी गर्दी ओसरल्यावर मी फोन काढला. "ती जाहिरात पुसते, मामा. चुकलं माझं."

"पुसू नकोस."

"मग खुलासा तरी लिहू दे. पण काय लिहू? मोठं करतोयस की बंद करतोयस?"

तो बाईंच्या कोटाच्या खिशाचं भोक बघत होता.  

"ती वेळेची जागा अजून रिकामी आहे?" त्याने विचारलं.

"आहे."

"भर मग. रोज सकाळी दहाला उघडतो, रोज संध्याकाळी सातला वाढवतो."

मी भरलं.  मान वर केली तेव्हा सात वाजून वीस मिनिटं झाली होती. मामाने खिशाचं काम बाजूला सारलं होतं आणि डावी बाही पुन्हा दिव्याखाली घेतली होती.