गाडीले झेपते तेवढं

त्या मिस्तरीचं नाव मले माईत नाही. कारंज्याच्या बजारात मेथी नेता नेता आमची गाडी दमली, म्हून त्याच्यापाशी ओढत नेली. पोरानं एका लॅपटॉपवाल्याकडून तिच्या इंजिनाची सेटिंग बदलून ताकद वाढवून आनली होती. मिस्तरीनं टर्बोचा, म्हंजे इंजिनात हवा कोंबनाऱ्या पंख्याचा, जोर सांभाळनारा बिघडलेला अ‍ॅक्चुएटर काढला, फडक्यानं पुसला, लेकरावानी तळहातावर धरला.

"नवा बसवतो. पन जास्तीच्या जोरानंच हा गेला, पयले वाढवलेली ताकद उतरवून आना."

पोरगा म्हने, "काहून? हौसेनं वाढवली!"

"मंग दुसरा मिस्तरी पाहा. झेपते तेवढंच लादा ना बाप्पा तिच्यावर!"

पोरगा लॅपटॉपवाल्याले फोन कराले गेला. मी सुकत्या मेथीवर पानी मारत बसली. पन आंग जळत होतं माहं. चाळीस वर्सं डोक्यावर टोपलं नेलं मी. झेपते का, हे मले घरात कोनीच पुसलं नाही. अन गाडीसाठी भांडनारा भेटला!