कोर्ट उठेपर्यंत

माझ्या मोठ्या भावाला शिक्षा झाली, त्या दिवशी आमच्या घरी जिलेबी आली होती. ती मीही चवीनं खाल्ली. आता जिलेबी समोर आली की माझा जीव जळतो.

आमचा तांडा कळमनुरीपासून आत, माळावर. भांडणाचं कारण अगदी क्षुल्लक होतं. शेजारच्या काकांचे बैल आमच्या हळदीत शिरले, तोंडाला तोंड लागलं आणि भावानं काकांच्या कानाखाली वाजवली. काकांचा ओठ फुटला. ते तणतणत पोलिसांत गेले. राग उतरला तेव्हा केस होऊन बसली होती.

तांड्यात मात्र प्रकरण लगेच मिटलं. आमच्यात अशी रीत की चुकलेल्यानं नायकासमोर, म्हणजे तांड्याच्या प्रमुखासमोर, चारचौघांत कबूल करायचं, पाया पडायचं आणि दोन्ही घरांनी एका ताटात जेवायचं. त्यानंतर कुणी तो विषय काढला, तर नायक काढणाऱ्यालाच झापायचा. भावानं कबूल केलं. काकांनी त्याला आपल्या हातानं घास भरवला.

पुढं कोर्टाची तारीख आली. नायक म्हणाला, "खोटं बोलू नको. केलं म्हन. कबूल केलं की मिटतंय."

वकील करावा असं कुणाच्याच डोक्यात आलं नाही. भाऊ, बा, काका आणि हट्टानं मागं लागलेली मी, सगळे एकाच जीपमधून कळमनुरीला गेलो. न्यायाधीशांनी विचारलं, "गुन्हा कबूल आहे?"

"व्हय साहेब, मारलं."

त्यांनी नीट विचार करायला सांगून पुन्हा विचारलं. भावाला वाटलं, साहेबांना ऐकू आलं नसावं. तो आणखी मोठ्यानं म्हणाला, "व्हय!"

थोडा दंड झाला आणि कोर्ट उठेपर्यंत कैद. म्हणजे काय, तर मागच्या बाकावर बसून राहायचं. काका त्याच्या शेजारी जाऊन बसले आणि त्याला शेंगा सोलून देत राहिले. संध्याकाळी साहेब उठले, शिपाई म्हणाला, "जा आता." बानं बाहेर येऊन आभाळाला हात जोडले. "सुटलं माझं लेकरू," म्हणाला आणि जिलेबी घेतली.

काही वर्षांनी हिंगोली जिल्हा झाला, पोलीस भरती निघाली. भाऊ रोज पहाटे माळावरून धावायचा. मागं काका सायकलवर. "पळ रे, बैल परवडले!" असं ओरडायचे. भाऊ धावण्यात पास झाला, लेखीतही झाला. आईनं तर त्याला तेव्हापासूनच साहेब म्हणायला सुरुवात केली होती. मग चौकशी झाली. केस झाली होती का, असं विचारल्यावर त्यानं सरळ सांगितलं, झाली होती, मिटली. भरतीच्या यादीतून त्याचं नाव निघून गेलं.

आम्ही हिंगोलीच्या एका वकिलांकडे गेलो, काकाही आले. वकील शांतपणे म्हणाले, "फिर्यादीनं त्या दिवशी नुसतं सांगितलं असतं की आमचं मिटलंय, तर तडजोड होऊन हा निर्दोष सुटला असता. यानं कबूल केलं. मग कैद बाकावरची असो की तुरुंगातली, कायद्यानं हा दोषी."

"फिर्यादी म्हंजी मीच ना?" काकांनी विचारलं. "मी तिथंच बसलो होतो साहेब, याच्या बाजूला. मला कुणी इचारलंच न्हाई. आता सांगतो ना, आमचं मिटलंय."

अपिलाची मुदत कधीच गेली होती. काका तिथंच, परक्या माणसाच्या खुर्चीत बसून हमसून रडले. भाऊच त्यांची पाठ चोळत राहिला. मला त्या दिवशी कुणावर रागवावं तेच कळेना. नायकानं खरं बोलायला सांगितलं होतं, भाऊ खरं बोलला होता, साहेबांनीही दोनदा विचारलं होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे भाऊ सवयीनं उठला, बूट घातले, नाड्या बांधल्या आणि ओट्यावर बसून राहिला. चांगलं उजाडलं तरी बसलेलाच. रोजच्यासारखी सायकल घेऊन काका आले.

"काहून बसून राहिला रे लेकरा? चल की."

भाऊ खाली मान घालून म्हणाला, "कोर्ट उठलं न्हाई काका अजून."

काकांनी सायकल भिंतीला टेकवली आणि त्याच्या शेजारी जाऊन बसले.