साहेबांच्या माशांचं मीठ

लखनौत बसून समुद्राचं पाणी करत होते मी, आणि श्रेय लाटत होते वरच्या मजल्यावरचे साहेब. आजही ते आठवलं की माझं डोकं तापतं.

नव्वदच्या दशकात आम्ही इंदिरा नगरमध्ये राहायचो. नवरा रेल्वेत इंजिनिअर आणि साहेब त्याचे वरिष्ठ, तेही मराठीच. एकदा ते मुंबईहून नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचे दोन समुद्री मासे घेऊन आले, सोबत कॅन भरून खारं पाणी. पाणी संपत आलं तेव्हा त्यांना आठवलं, खालच्या वहिनी केमिस्ट्रीत एम.एस्सी. आहेत. नवऱ्याच्या बदल्यांपायी कॉलेजची नोकरी सोडून घरी बसलेली मी, नको तितकी हुरळले.

चौक बाजारातून बिनआयोडीनचं खडेमीठ आणलं, औषधाच्या दुकानातून जुलाबाचं मीठ, बाकीचे क्षार कॉलेजांना रसायनं पुरवणाऱ्याकडून. बरण्या तीन केल्या. मोठीत मिठाचं मिश्रण, दुसरीत खायचा सोडा, तिसरीत कॅल्शियम क्लोराइड. हे तिसरं हवेतली ओल ओढून घेतं, म्हणून झाकणाभोवती मेण लावायचे. पाण्यात ते घालायचं सगळ्यात शेवटी, बाकीचं पूर्ण विरघळल्यावर. नाहीतर पाणी दुधासारखं पांढरं होतं. दर आठवड्याला मी पाणी तयार करायचे आणि वर पोचवायचे. मासे मजेत होते.

मग साहेबांकडे पार्टी झाली. मी भज्यांची बशी घेऊन बाहेर आले, तेव्हा एक पाहुणे टाकीपुढे उभे होते. "वाह साहब, लखनऊ में समुंदर! नमक कहाँ से आता है?"

"फॉर्मूला अपना है," साहेब म्हणाले. "भाभीजी तो बस डिब्बे में भर देती हैं."

सगळे माझ्याकडे बघून कौतुकाने हसले. हातातली बशी साहेबांच्या डोक्यात घालावी असं वाटलं. घरी आल्यावर नवरा म्हणाला, "अगं, माझा सी.आर. तेच लिहितात, बढती त्यावरच ठरते. सोडून दे ना." मी सोडणार नव्हते.

दुसऱ्या दिवशी तिन्ही बरण्या वर नेऊन ठेवल्या. "तुमचाच फॉर्म्युला आहे साहेब, तुम्हीच करा आता. फक्त बरण्या एकत्र करू नका."

"अहो वहिनी, माहितीये मला," ते पेपरमधून मान न काढता म्हणाले.

साहेबांनी बरण्या एकत्र केल्याच. मसाला कालवावा तसं सगळं एका रव्याच्या डब्यात कालवून ठेवलं. त्यांच्या बायकोने जिन्यात मला हे सांगितलं, तेव्हा ऑगस्ट चालू होता आणि भिंतींनाही घाम फुटत होता. मला आनंद झाला, अगदी पोटभर. त्या दिवसापासून मी घरी एक पिंप खारं पाणी तयार ठेवलं आणि मिठाच्या प्रयोगांसाठी आणलेली जुनी काचेची टाकी घासूनपुसून घेतली. माझं भांडण माशांशी नव्हतं.

एका संध्याकाळी मी देवापुढे दिवा लावून उठते तोच साहेब दारात. शर्ट ओला, हातांवर पांढरा थर. डब्यातल्या मिश्रणाचा दगड झाला होता. तो त्यांनी बत्त्याने फोडला आणि गरम पाण्यात विरघळवून टाकीत ओतला. आता टाकीत दुधाळ पाण्याखेरीज काही दिसत नव्हतं आणि मासे वर येऊन तोंडं उघडत होते.

"वहिनी, थोडं मीठ द्या. लवकर."

"दिवेलागण झाली साहेब. आता घरातलं मीठ बाहेर देत नाहीत, तुम्हाला माहितीच असेल."

नवरा मागून खोकला. ही रीत मी एरवी कधीच पाळली नव्हती.

"अहो, मरतील ते!"

"मीठ बाहेर जात नाही. मासे आत येऊ शकतात."

ते धावत वर गेले. स्टीलच्या बादलीत मासे घेऊन, रेल्वेचे एवढे मोठे साहेब, अनवाणी जिना उतरले. मी माझं पाणी थोडं थोडं करून बादलीत मिसळलं, मग मासे टाकीत सोडले. दोन्ही जगले.

मासे मी परत दिले नाहीत. "इथलं पाणी त्यांना मानवलंय," म्हटलं, "बघायला येत जा." त्या वर्षी नवऱ्याचा सी.आर. बेताचाच आला. तो आठवडाभर माझ्याशी बोलला नाही, तेही मी सोसलं.

साहेबांना राहवायचं नाही. पाहुणे आले की त्यांना घेऊन खाली यायचे. कुणीतरी विचारायचंच, मीठ कसं करतात? मी मुद्दाम गप्प बसायचे आणि साहेबांच्या तोंडाकडे बघायचे.

"भाभीजी बनाती हैं. उन्हीं से पूछिए," ते शेवटी म्हणायचे.

ते म्हणून झाल्याशिवाय मी चहाचं आधण ठेवत नसे.