सावंतकाकांची फोर्कलिफ्ट

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, जिवलग मैत्रिणीलाही नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मराठी मंडळाच्या याच मासिकात माझे जळजळीत लेख वाचून "काय रोखठोक पोरगी आहे!" म्हणालेली माणसं आहात. रोखठोक — मी?

थांबा, आधी काकांबद्दल.

सावंतकाका इथे कुवेतमध्ये, बनेद अल-गारला आमच्याच इमारतीत राहायचे. नोकरी अकाउंटंटची, पण इथल्या मराठी घरांत त्यांना ओळखत ते गमतीच्या पियानोसाठी. लहानपणी वेंगुर्ल्याला चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्या शेजारणीकडून ते शिकले आणि इथे शुक्रवारच्या बाजारातून जुना कीबोर्ड उचलून आणला. त्यावर स्वतःच्या चाली रचत. डावा हात शहाण्यासारखा ठेका धरायचा, उजवा माकडासारखा उड्या मारायचा. एक चाल आमच्या लिफ्टवर होती — दोन मजले सुरळीत, तिसऱ्यावर अडकली, मग आत कोंडलेल्या मावशींची कुरकुर. एक कुकरवर होती, शिट्ट्यांसकट. वाढदिवसाला केक नंतर, काका आधी. घरात इंग्रजीत उत्तरं देणारी पोरंसुद्धा "काका, लिफ्ट वाजवा ना!" म्हणून मराठीत हट्ट करायची.

आणि मला ते सगळं फालतू वाटायचं.

माझं वाढणंच तसं. आई लग्नाआधी नाशिकला युनियनची पत्रकं लिहायची. बाबांच्या तेलकंपनीतल्या नोकरीबरोबर तो गठ्ठाही कुवेतला आला आणि मी त्यावरच वाचायला शिकले. इतर मुलं अननसावर होती तेव्हा मी 'कामगार बंधूंनो' पर्यंत पोचले होते. जगात एवढा अन्याय चाललाय आणि हा माणूस कुकरच्या शिट्ट्या वाजवतो? — हे मी काकांना तोंडावर म्हणायचे. ते हसायचे. "तू जग सुधार गो चेडवा. मी तोपर्यंत वाजवतंय."

तर — एक मेच्या आठवड्यात मंडळाने जलीब अल शुयूखच्या वस्तीत कामगारांसाठी कार्यक्रम ठेवला. एका कंपनीच्या मेसचा हॉल, परवानगी रीतसर. आधी माझं भाषण, मग काका, मग जेवण. मी पासपोर्टवर बोलले — तो मालकाने ठेवून घ्यायचा नसतो, तुमचा तुमच्याकडेच हवा. मुद्दा खरा होता, आजही आहे. पण मी तो असा काही गर्जून सांगितला की माइक शिट्टी मारायला लागला. लोक सभ्य होते. म्हणजे कुणी उठून गेलं नाही. पुढच्या बाकावरचे नांदेडचे एक मामा शेवटी म्हणाले, "ताई, लई छान बोलल्या. जेवण कधी हाय?"

मग काका बसले. हॉलमध्ये प्लग एकच, तोही भिंतीत, आणि वायर आखूड. त्यामुळे त्यांना तोंड भिंतीकडे आणि पाठ लोकांकडे करून बसावं लागलं. चाल नवी होती: फोर्कलिफ्ट. तिच्यासाठी अर्दियाच्या गोदामांबाहेर गाडी लावून ते कान देऊन बसले होते म्हणे. चाल ऐटीत निघते, खोका उचलते, कशाला तरी थडकते — आणि मग उजव्या हाताचं एकच बोट: टीं, टीं, टीं. रिव्हर्स! डावा हात मागे मागे. पुन्हा ऐट, पुन्हा धडक, पुन्हा टीं टीं.

समोरची निम्मी माणसं त्याच गोदामांत राबणारी. दिवसभर कानात तोच आवाज. काय हसली! मामा ओरडले, "आरं सरका, सरका! मागं आली!" आणि अख्खी रांग बाकांसकट मागे सरकली. माणसं डोळे पुसत टाळ्या वाजवत होती.

परतताना गाडीत आम्ही दोघंच. काका त्या उन्हाळ्यात निवृत्त होऊन सावंतवाडीला कायमचे जाणार होते. निरोपाला मंडळ त्यांना पूर्ण संध्याकाळ द्यायला तयार होतं — फक्त त्यांच्या चाली. आयुष्यात पहिल्यांदा. होकार द्यायला त्यांचाच धीर होत नव्हता. म्हणून त्यांनी मला विचारलं, "माका मागचा काय दिसाक नाय गो. हसले ता आयकलंय. आवडला काय तेंका?"

एका "हो"चं काम होतं. नव्हतं का?

मी खिडकीबाहेर बघत म्हटलं, "चालीला नाही हसले, काका. तुम्हाला हसले. चेष्टा करत होते."

सिग्नल हिरवा झाला तरी गाडी हलली नाही. मागचे हॉर्न वाजवायला लागले तेव्हा काकांनी गिअर टाकला. "बरा केलंस, सांगितलंस," म्हणाले.

कष्टकऱ्यांच्या घामाची गंमत करू नये, असं काहीतरी तत्त्व मी तेव्हा स्वतःला ऐकवलं. भंपकपणा. मला त्या टाळ्या हव्या होत्या, आणि त्या एका फोर्कलिफ्टला मिळाल्या होत्या.

निरोपाच्या दिवशी काकांनी एकच भावगीत वाजवलं. संथ, बिनचूक. लोकांनी बेताच्या टाळ्या वाजवल्या, पोरं "लिफ्ट, लिफ्ट" करून दमली. मी याच मासिकात 'काकांच्या कलेला आलेलं गांभीर्य' यावर पानभर लिहिलं. जाताना काकांनी मला मालवणी खाज्याचा पुडा दिला — "तुझ्यामुळे माझा हसा होवचा वाचला." तो मी खाल्लासुद्धा.

परवा काकींशी फोनवर बोलले. "हल्ली वाजवणत नाय गो," त्या म्हणाल्या. "म्हणतत, वयाक शोभणा नाय."

हा अंक सावंतवाडीला जातो. काका तो जाहिरातींसकट वाचतात. म्हणून इथे लिहिते.

काका, ते तुमच्या चालीलाच हसले. चेष्टा कुणीही केली नाही. मामांनी दारात मला अडवून विचारलं होतं, "ते पेटीवाले सायेब पुन्हा कवा येणार?" — तेही मी तुमच्यापासून लपवलं. आणि त्या हॉलमध्ये सगळ्यांत आधी हसू फुटलं ते मला. पहिल्याच 'टीं'ला. दाराशी उभी राहून, ओढणीचा बोळा तोंडात कोंबून, मी पोट धरून हसत होते.