फ्लेक्सच्या मागचा वाढदिवस

तुमच्या चौकात आज कोणाचा वाढदिवस आहे, सांगा बरं? डोक्याला ताण देऊ नका, नुसती मान वर करा. फ्लेक्स दिसतोय ना? जोडलेले हात, कपाळावर टिळा, खाली टपालाच्या तिकिटाएवढे तीस चेहरे आणि 'शुभेच्छुक'. बरोबर. आता दुसरा सवाल. तुमच्या घरच्या वरातीत चार तास उन्हात उभं राहून ज्यानं क्लॅरिनेट फुंकलं, त्याचा वाढदिवस कधी असतो? नाही ना सांगता येत? मग लाज वाटू द्या थोडी, आणि ऐका.

रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यात (पारा म्हणजे इकडचा मोहल्ला) एका माणसाला हे सांगता यायचं. नरहरीभाऊ खानझोडे. रेल्वेतून निवृत्त. काम काय होतं, तर कोणती गाडी किती उशिरा येते ते स्टेशनावरच्या फळ्यावर खडूनं लिहायचं. एकतीस वर्षं तेच. खडू आधी पाण्यात भिजत घालायचे आणि ओल्या खडूनं लिहायचं. वाळलं की अक्षर चुन्यासारखं उठतं, बोटानं घासलं तरी लवकर जात नाही. भाऊंच्या अक्षराकडे बघून चिडलेला प्रवासीसुद्धा क्षणभर राग विसरायचा.

मग राज्य नवं झालं, रायपूर राजधानी झालं. स्टेशनावर लाल अक्षरं पळणारी पाटी आली आणि फळा भंगारात निघाला. निवृत्तीच्या दिवशी भाऊंनी साहेबांना अर्ज दिला, शाल नको, नारळ नको, फळा द्या. साहेब हसले आणि सही केली.

तो फळा भाऊंनी पाऱ्यातल्या चौकात, बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीच्या भिंतीवर ठोकला. गिरणीवाल्याची परवानगी लेखी घेतली. रेल्वेचा माणूस, कागदाशिवाय खिळा मारणार नाही. त्या भिंतीचा तोवर लोकांना एकच उपयोग ठाऊक होता. येणारा-जाणारा तिथं चेन उघडायचा. उरलेल्या भागावर गुटख्याच्या पिचकाऱ्या. भाऊ रोज सकाळी साडेसहाला बादली, खराटा आणि फिनेल घेऊन आधी लोकांची घाण धुवायचे, मग लिहायचे. धुताना तोंडातून एकच शब्द, "शी!" चार वर्षं रोज शी. तरी एक दिवस सुटला नाही.

फळ्यावर स्टेशनचे तीन रकाने पांढऱ्या रंगात तसेच होते: गाडी, समय, विलंब. भाऊंनी ते पुसले नाहीत. पहिल्यात आज जगात कोणता दिवस साजरा होतो ते, दुसऱ्यात एक विनोद, आणि तिसऱ्यात कोणत्या वाजवणाऱ्या-गाणाऱ्याचा वाढदिवस ते. अर्धं हिंदी, अर्धं मराठी.

"जागतिक जल दिन. आपला नळ: सहा ते सहा वाजून दहा मिनिटं."

"डॉक्टर: रोज फिरत जा. पेशंट: जातो ना साहेब, तहसील ऑफिसात."

पारा विनोद वाचायचा, हसायचा, आणि त्याच भिंतीच्या कोपऱ्यात पचकन थुंकून कामाला जायचा. असे आपण.

सुरुवातीला तिसऱ्या रकान्यात भाऊ पेपरात पाहून मोठमोठ्या गायकांची नावं लिहायचे. एक दिवस ढोलकीला कातडं चढवणारा गंगाधर समोर उभा राहिला. "भाऊ, यायले तं पेपरबी छापते अन् रेडिओबी. आमाले कोण छापते?" भाऊंना ते झोंबलं. त्या दिवसापासून मोठी नावं बंद. पाऱ्यातला बँड, भजनी मंडळाची पेटी, चौबे कॉलोनीतल्या गाणं शिकवणाऱ्या विजयाताई, अभनपुराहून लग्नसराईला येणारे ताशेवाले, सगळ्यांच्या तारखा भाऊंनी वहीत गोळा केल्या.

आणि तिथंच घोळ निघाला. निम्म्या लोकांची तारीख एकच. एक जुलै. शाळेत नाव घालताना बाप म्हणाला "माहीत नाही", मास्तरानं शाळा उघडायची तारीख ठोकली, झालं. वही भरल्यावर आलेल्या पहिल्या एक जुलैला अकरा नावं मुंग्यांसारखी दाटीवाटीनं लिहावी लागली. त्यातलं शेवटचं होतं गोदू मास्तर.

गोदू मास्तर म्हणजे पाऱ्याच्या बँडचं क्लॅरिनेट. वय सत्तरच्या पुढं. पाऱ्यातल्या तीन पिढ्यांना त्यानं बोहल्यापर्यंत सोडलं होतं. तो फळ्यासमोर आला, वाचलं, आणि अंगठ्यानं आपलं नाव घासून पुसायला लागला. ओल्या खडूचं अक्षर, जाईना.

"मास्तर, काहून पुसता?"

"ये मेरा नहीं है, बाबूजी. ये तो स्कूल का है. मेरी माँ बोलती थी, तू सावन की अमावस को हुआ."

आता भाऊ मूळचे नागपूरकडचे. घरात मराठी पंचांग. त्यांनी श्रावणातली अमावस्या काढली आणि त्या दिवशी मास्तरचं नाव झोकात लिहिलं. चौक ओलांडताना मास्तरानं पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "बाबूजी, आज तो पोरा है! बैल का दिन! मैं हरेली को हुआ, हरेली! वो तो एक महीना पहले निकल गई. उस दिन मैं वर्दी धोके, पहिन के आया था देखने."

इकडच्या लोकांचा महिना पौर्णिमेला संपतो, आपला अमावस्येला. त्यांची सावनची अमावस, म्हणजे हरेली, ती आपल्या आषाढातली दिव्यांची अवस. अमावस्या तीच, महिना वेगळा. भाऊंनी नाव लिहिलं ते पोळ्याला, त्यांच्या 'पोरा'ला. तीसहून जास्त वर्षं रायपुरात राहून, दर हरेलीला दारावर कडुलिंबाचा डहाळा खोचून घेऊन भाऊंच्या हे ध्यानात आलं नव्हतं. आणि तो म्हातारा धुतलेली वर्दी घालून रिकाम्या फळ्यासमोर उभा राहून परत गेला होता. एकतीस वर्षांत एका गाडीची वेळ चुकवली नाही म्हणणाऱ्या माणसाच्या हे जिव्हारी लागलं.

"पुढच्या हरेलीले, मास्तर. शब्द देतो."

"हव बाबूजी," मास्तर म्हणाला. "फेफड़ा रहा तो आऊँगा."

ती पुढची हरेली म्हणजे दोन हजार सातचा बारा ऑगस्ट, रविवार. मास्तरची छाती त्या उन्हाळ्यातच खरखरायला लागली होती. नऊ वाजता येतो, असा त्याचा निरोप होता. भाऊ साडेसहाला बादली घेऊन चौकात आले आणि फळाच दिसेना.

फळ्याच्या जागी भैयाजी होते. गिरणीची अख्खी भिंत झाकून, बांबूच्या चौकटीवर ताणलेले, पांढऱ्या कुर्त्यातले, गुळगुळीत गालांचे पुढारी भैयाजी. "युवा हृदय सम्राट को जन्मदिन की हार्दिक बधाई." सम्राटाचं वय चोपन्न. त्या दिवशी आंतरराष्ट्रीय युवा दिन होता. भाऊ पहिल्या रकान्यात तेच लिहिणार होते. त्यांना थुंकावंसं वाटलं. पण ज्यानं चार वर्षं दुसऱ्यांची थुंकी धुतली त्याला थुंकताही येईना. गिळली.

खाली भार्गव मंडपवाल्यांना हुकूम सोडत होता. भाऊंच्या जुन्या सोबत्याचा मुलगा, चौबे कॉलोनीतला. घरी मराठी, बाहेर हिंदी, आणि गळ्यात भैयाजींचा बिल्ला.

"भार्गव, हे काय करून राहिला तू?"

"अरे अंकल, नमस्ते! भैयाजी का बर्थडे है ना. साढ़े नौ बजे केक कटेगा, आप भी आना."

"ते दिसते मले. माह्या फळ्यावर काहून?"

"वो काला बोर्ड? वो एकदम सेफ है अंकल. पीछे ही है, हमने छुआ तक नहीं."

"फळा वाचायसाठी असते का झाकायसाठी रे? परवानगी हाये का याची? दाखव कागद."

भार्गव हसला. कागद मागणारा माणूस त्यानं बऱ्याच दिवसांनी पाहिला असावा. "अंकल, भैयाजी को परमिशन लगती है क्या? एक दिन की बात है. कल लिख लेना."

"उद्या नाही चालत. आज गोदू मास्तरचा वाढदिवस हाये."

"कौन गोदू?"

"तुह्या बापाच्या वरातीत ज्यानं क्लॅरिनेट वाजवलं तो. ते वरात निघाली नसती तं तू इथं बांबू ठोकत उभा नसता, पोट्ट्या."

मंडपवाले खुसखुसले. भार्गवचे कान लाल झाले. "तो फोन पे विश कर दो ना, अंकल," असं म्हणून त्यानं पाठ फिरवली.

भाऊ घरी आले. रमाकाकू ओट्यावर दिवे घासत बसल्या होत्या. दिव्यांची अवस, घरातले झाडून सगळे दिवे धुऊन पाटावर मांडायचे. समई, निरांजन, आणि भाऊंचा रेल्वेतला हातकंदीलसुद्धा. भाऊंनी सगळं सांगितलं.

"फाडा मंग," काकू म्हणाल्या.

"दुसऱ्याची वस्तू मी फाडत नसतो."

"अन् त्यानं तुमची झाकली ते?" काकूंनी कंदील पुसला, वात वर केली आणि पुढं धरला. "फाडू नका. मागं जा. भिंत अन् फ्लेक्सात हातभर जागा असंल का नाही? तो म्हणते ना फळा मागंच हाये, मंग लिहा मागंच."

"पेटला म्हणजे तो फ्लेक्स?"

"पेटला तं पेटला. दिव्यांची अवस हाये."

साडेआठला भाऊ खालून वाकून भैयाजींच्या पोटामागं शिरले. आणि नाकाला धोतर लावलं. फ्लेक्स लागून एक रात्रही उलटली नव्हती, आडोसा मिळाल्याबरोबर पाऱ्यानं आपला जुना हक्क वसूल केला होता. ताजी, ओली, उग्र घाण, थेट फळ्याच्या खालच्या चौकटीपर्यंत. जो उद्या हसत विनोद वाचणार तोच. भाऊंना वाटलं, कोणासाठी धुतो आपण? या लोकांसाठी? या भडभुंज्यांसाठी? कंदील खिळ्याला टांगला, "शी, शी, शी" करत फिनेल ओतलं, खराटा मारला, आणि भिजलेला खडू उचलला. विनोदाचा रकाना कोरा सोडला. त्या दिवशी विनोद समोरच्या बाजूला टांगलेला होता. विलंबच्या रकान्यात, एकट्याचं, मोठं:

"गोदू मास्तर, क्लॅरिनेट. जन्म हरेलीचा. साल ठाऊक नाही. अजून फुंकतो."

नऊ वाजता मास्तर आला. लाल वर्दी, सोनेरी गोफ, कापडी पिशवीत क्लॅरिनेट. फळ्याच्या जागी पाहिलं. मग पिशवी काखेत मारून वळला.

"मास्तर!" भैयाजींच्या कुर्त्याखालून भाऊंचं डोकं बाहेर आलं. "अंदर आवा. लवकर."

मास्तर वाकला, आत आला. कंदिलाच्या उजेडात बोट ठेवून एकेक अक्षर वाचलं. एकदा वाचून झाल्यावर पुन्हा वाचलं.

"बाबूजी," तो शेवटी म्हणाला, "बहुत बास मार रहा है."

"तुमच्या शहराची राजधानी झाली, मास्तर. वास राहीनच."

दोघं म्हातारे त्या घाणीत उभे राहून हसले. हसता हसता मास्तरला खोकल्याची उबळ आली. ती ओसरली तेव्हा त्यानं पिशवी उघडली, क्लॅरिनेटचे तुकडे जोडले आणि ओठ ओले केले. "अपना बर्थडे है. दूसरे का बहुत बजाया."

बाहेर केकची वाट बघत दीडशे लोक होते, आणि बँडही. मास्तरनंच शिकवलेला, भैयाजींच्या स्वागताला आलेला. त्या सगळ्यांना दिसलं एवढंच, की भैयाजींच्या मिटलेल्या ओठांतून क्लॅरिनेट निघतंय. मास्तरचं कोपर लागलं की भैयाजींचं पोट हलायचं. सूर वर चढला की गाल फुगायचे.

"अबे, भैयाजी खुद बजा रहे हैं!" कोणीतरी ओरडलं, आणि चौक फुटला. पोट धरून हसले लोक. मोबाईल वर झाले.

"बंद करो! अंदर कौन है?" भार्गव धावला. तोवर गंगाधरानं उजवीकडची दोरी सोडली होती. "पाहू तं द्या कोण हाये," एवढंच म्हणाला. फ्लेक्सचा कोपरा सुटला, भैयाजींचा अर्धा चेहरा लोंबकळला, आणि मागं लाल वर्दीतला म्हातारा, कंदील आणि फळा. बँडवाल्यांनी फळा वाचला. ढोलवाल्यानं कोणाला विचारलं नाही, काठी मारली. मग ताशा, मग तुतारी. गोदू मास्तरच्या वाढदिवसाला पाऱ्याचा अख्खा बँड दहा-बारा मिनिटं वाजला.

लोकांनी टाळ्या वाजवल्या का? वाजवल्या. पण तेवढ्यात गाड्यांचा ताफा आला, भार्गवनं दोरी पुन्हा आवळली, आणि तेच दीडशे लोक केकपुढं रांगेत उभे राहिले, कागदी डिश हातात घेऊन. भाऊंनी तिकडं पाहिलं आणि मास्तरचा हात धरून घराकडं निघाले. रमाकाकूंनी पाटावरच्या दिव्यांतला एक उचलून मास्तरला ओवाळलं. तिथं डिश लागली नाही.

एका दिवसाचा म्हणून लावलेला फ्लेक्स तीस दिवस राहिला. भाऊ रोज मागं शिरून धुवायचे, लिहायचे. विलंबचा रकाना सोडून. तो त्यांनी पुसला नाही. पोळ्याच्या दिवशी वाऱ्यानं भैयाजी उभे फाटले, तेव्हा मास्तरचं नाव चुन्यासारखं पांढरंशुभ्र तिथंच होतं.

तुमच्याही चौकात एक फ्लेक्स आहे. त्याचा कोपरा उचला, नाक दाबून का होईना, आणि मागं कोणाचं नाव झाकलंय ते वाचून या.