परग्रहावरचा येडा हिरो

मी देवानंद, मोहर्लीत वीस वर्षांपासून सफारी गाईड आहो. कोण्या पर्यटकानं जिप्सीत विसरलेली विज्ञान कादंबरी वाचली अन् डोकंच फिरलं. तिचा हिरो म्हणे मोठा शास्त्रज्ञ; परग्रहावर उतरते अन् सरळ चालत सुटते. पायाचे ठसे पाह्यत नाई, जनावरांची ओरड ऐकत नाई. मंग राक्षस मागून धरते त्याले!

काल पाणवठ्यावर जिप्सी थांबवून, पाहुण्यांकडं तोंड करून मी हेच सांगून राह्यलो होतो. वानरं सारखे ओरडत होते, म्हणून मी आवाज चढवला. पाहुण्यांनी धडाधड माझे फोटो काढले; मले अजून चेव आला.

गेटवर एका बाईनं कॅमेऱ्यातला फोटो दाखवला. माझं बोट वर, तोंड उघडं, अन् मागं वाघ पाणी पिऊन राह्यला.

त्या शास्त्रज्ञाले निदान ग्रह तरी नवा होता.